दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर साडेतीन एकर

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांची बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात लातूरला राहणारी एक लेक आपल्या आईला रिक्षातून उतरवून, बगलेत धरून त्या रांगेत उभी होती. आईला जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात अजून मांडीवर नुसता पडून असायचा. दाखल्याचं काम झालं आणि सहज म्हणून लेकीनं पासबुक छापायला दिलं. मशीननं अडीच पानं छापली. एटीएम १०,०००. एटीएम १०,०००. एटीएम ५,०००. मधेच एका ओळीत मुदतठेव मोडल्याचे २,००,००० जमा, आणि दुसऱ्याच दिवशी ते पैसे दुसऱ्या खात्यात गेलेले. आई शेजारच्या बाकावर बसून होती. तिनं आयुष्यात एटीएमच्या यंत्राला हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती लेक माझ्याकडे आली. मी अंबाजोगाईला वकिली करते. तिच्या परवानगीनं हे प्रकरण लिहीत आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिला ताई म्हणते, आईला आक्का आणि भावाला दादा.

आक्कांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते २०१७ मध्ये गेले. आक्कांना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. जमिनीला वारसा लागला तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक बहिणी करतात तेच ताईनं केलं. साडीचोळी घेतली आणि हक्कसोडपत्रावर सही करून दिली. माहेरची वाट मोकळी राहावी एवढाच तिचा हिशेब. पुढे वाटणी होऊन आक्कांच्या नावावर ३ एकर २० गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा झाला. ती जमीन शेजारचा एक गडी बटईनं करायचा आणि आक्कांचा वाटा आक्कांच्या हातात द्यायचा.

दादाबद्दलही सरळ लिहायला हवं. त्याला खलनायक म्हणणं मला जमत नाही. त्यानं ट्रॅक्टर कर्जावर घेतला, दोन वर्षं सोयाबीनला भाव नव्हता, हप्ते थकले. मग गावातल्याच एकाकडून शेकड्यानं पैसे उचलले. आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात रात्री तोच झोपला. एटीएमचं कार्ड त्याच्या खिशात आलं ते औषधांसाठीच, आणि मग खिशातच राहिलं. घराघरांत असंच घडतं. लुबाडणारा बाहेरून क्वचितच येतो. सांभाळतो त्याच्याच हातात किल्ल्या असतात, आणि तो एके दिवशी आईचे पैसे आणि आपले पैसे यांतला फरक करायचं सोडून देतो.

पासबुकाला चार दिवस होत नाहीत तोच बटईवाल्याचा ताईला फोन आला: "ताई, सातबाऱ्याचं काय चाललंय? चावडीवर फेरफाराची नोटीस लागलीय." आम्ही सूची दोनची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, आणि दस्ताची नक्कल काढली. ऑक्टोबरमध्ये आक्कांनी साडेतीन एकर दादाला बक्षीसपत्रानं दिल्याचा नोंदणीकृत दस्त होता. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो. सवलत चांगल्या हेतूची आहे, घरातले व्यवहार कागदावर यावेत म्हणून. पण तिच्यामुळेच आजारी माणसाकडून जमीन लिहून घेणं चहापाण्याच्या खर्चात होतं.

आक्कांना विचारलं, दुय्यम निबंधक कार्यालयात कशाला गेला होता? त्या म्हणाल्या, "दादा म्हणला नमोच्या पैशाचं हाय. अंगठा लागतोय. फोटो काढला, अंगठा दिला, घरी आले." त्याच महिन्यात नमो शेतकरी योजनेचा पहिला हप्ता येणार म्हणून गावोगाव लोक आधार आणि बँकेच्या जोडणीसाठी पळत होते. त्या गर्दीत एक अंगठा इकडे की तिकडे, कोण बघतंय! नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे समोरचा माणूस भानावर नाही असं दिसलं तर अधिकाऱ्याला दस्त नाकारता येतो. प्रत्यक्षात "अंगठा तुमचाच ना?" एवढंच विचारलं गेलं आणि आक्कांनी मान हलवली.

ताईची पहिली मागणी होती: "मॅडम, आईचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावानं करून द्या. मग दादाला काहीच करता येणार नाही." दहापैकी आठ घरं हेच मागत येतात, म्हणून इथं थोडं थांबते.

आपल्याकडे मुखत्यारपत्राला लोक रामबाण समजतात. भारतीय करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यार करणारा माणूस मेला किंवा त्याची बुद्धी गेली की मुखत्यारी तिथंच संपते. काही देशांत आधीच लिहून ठेवलेलं अधिकारपत्र बुद्धी गेल्यावरही चालतं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. आईची समज शाबूत असते तेव्हा मुखत्यारपत्राची फारशी गरज नसते, आणि गरज पडते तेव्हा ते कागदाचा तुकडा झालेलं असतं. शिवाय विक्रीच्या अधिकारासकट कुलमुखत्यारपत्र घेतलं असतं, तर ताई आणि दादा यांच्यात गावाला काय फरक दिसला असता?

मी तिला विशेष मुखत्यारपत्र करायला सांगितलं. अधिकार मोजून लिहिले: निवृत्तिवेतनाचा पत्रव्यवहार, दवाखान्याचे कागद, सरकारी कार्यालयांत अर्ज आणि सुनावणी. विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं, ठेव मोडणं यांतलं काहीही करता येणार नाही, असं एक वाक्य स्वतंत्र घातलं. ताईला ते थोडं लागलं. "माझ्यावर पण विश्वास नाही का?" मी म्हणाले, विश्वास आहे म्हणूनच. उद्या हा कागद दादाचा वकील वाचेल.

त्या आठवड्यात दोन गळत्या बंद केल्या. बँकेत आक्कांना प्रत्यक्ष नेऊन कार्ड बंद केलं आणि खात्याला जोडलेला दादाचा मोबाईल नंबर काढला. शाखेत आधी टाळाटाळ झाली, मुलीच्या अर्जावर काही होत नाही म्हणाले. ते बरोबरच होतं, म्हणून अर्ज आक्कांच्या अंगठ्यानं दिला. दोन साक्षीदार घेतले, त्यातला एक बँकेचाच अधिकारी. रिझर्व्ह बँकेची आजारी खातेदारांबद्दलची पद्धत हीच आहे. सत्तरीच्या पुढच्या आणि हालचाल न करू शकणाऱ्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, ही २०१७ ची सूचनाही लेखी दाखवली. दुसरी गळती फेरफाराची. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपायला तीन दिवस होते. तलाठ्याकडे लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. फेर तक्रारी म्हणून सुनावणीला गेला आणि सातबाऱ्यावर नाव चढायचं थांबलं. ती हरकत द्यायची राहिली असती तर पुढच्या महिन्यात इसार पावती झाली असती, याबद्दल मला शंका नाही. सावकार शेतात फेरी मारून गेला होता.

आता खरा पेच. आक्का 'समजत नाही' म्हणायचं की 'समजतं'?

समजत नाही म्हटलं तर बक्षीसपत्र पडतं, कारण करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दस्त करताना तो कळण्याची आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे जोखण्याची कुवत लागते. पण मग ताईला दिलेलं अधिकारपत्रही पडतं, बँकेतला अर्जही पडतो, आणि अधिकाऱ्यापुढचा आक्कांचा जबाबही. समजतं म्हटलं तर दादा म्हणणार, मग बक्षीसपत्रही समजूनच दिलं. कितीतरी प्रकरणं इथंच मरतात, कारण घाईत अर्जात 'वेडसर', 'काहीच कळत नाही' असे शब्द जातात आणि ते परत घेता येत नाहीत.

वाट कलम १२ मध्येच आहे. कायदा माणसाला कायमचा शहाणा किंवा कायमचा वेडा ठरवत नाही, तो दस्ताच्या क्षणाबद्दल विचारतो. आक्का सकाळी दहा-अकराला स्वच्छ असत. दुपारनंतर थकत, आणि दिवेलागणीला गेलेल्या यजमानांना हाका मारत. शिवाय कलम १६ आहे. वय, आजार किंवा शारीरिक त्रासानं मनाची ताकद कमी झालेल्या माणसावर वरचढ असलेल्यानं त्याचा फायदा घेतला, तर तो अनुचित प्रभाव. व्यवहार वरकरणी अन्यायाचा दिसला, की तो प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याचं ओझं वरचढ माणसावर येतं. आम्ही वेडेपणाचा शब्दच काढला नाही. आजारानं दुबळी झालेली, पोरावर विसंबलेली, न वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा दिलेली बाई, एवढंच मांडलं. ते खरंही होतं.

डॉक्टरांच्या दाखल्यासाठी ताई आधी 'पेशंटची मानसिक स्थिती ठीक आहे' अशी एक ओळ घेऊन आली. तशा ओळीचा उपयोग शून्य. सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तेव्हा आम्ही त्यांच्याकडून तारीख, वेळ, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं लिहून मागितली. स्मरणशक्तीची जी नेहमीची ३० गुणांची चाचणी असते तिच्यात वाक्य लिहायचं असतं, आकृती उतरवायची असते. दुसरीपर्यंत शिकलेल्या आणि उजवा हात गेलेल्या बाईचे गुण तिथं जाणारच. डॉक्टरांनी तसा शेरा मारला आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आपल्या नावावर किती जमीन आहे, चतुःसीमा काय, ती कोण करतं, मुलं किती, हे अचूक सांगतात. आजचा वार सांगता येत नाही.' या दोन ओळी शंभर दाखल्यांवर भारी होत्या. आक्कांना वार नव्हता माहीत, पण बांधावरची बाभळ कुणाच्या हद्दीत आहे ते माहीत होतं.

अर्ज केला तो दिवाणी न्यायालयात नव्हे, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७, कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं मानून रद्द करता येतो. मेख 'अटीवर' या शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे सिद्ध झालंच पाहिजे, नुसतं म्हातारपण पुरत नाही. आम्ही दस्त पुन्हा काढला. चौथ्या पानावर, दस्तलेखकानं सवयीनं टाकलेली ओळ होती: 'लिहून घेणार हे लिहून देणार यांचा तहहयात सांभाळ व औषधपाणी करतील.' दादानं ती वाचलीही नसेल. सगळं प्रकरण त्या ओळीवर उभं राहिलं. आई-वडील राजीखुशीनं देत असले तरी ही ओळ दस्तात असल्याशिवाय अंगठा देऊ नये, असं मी आता प्रत्येक पक्षकाराला सांगते.

सांभाळलं नाही हे दाखवायला साक्षीदारांची फौज लागली नाही. ताईनं वहीच्या पानावर दोन रकाने पाडले. डावीकडे जून ते नोव्हेंबर खात्यातून गेलेले पैसे, एकूण २,८७,००० रुपये. उजवीकडे त्याच काळातली मेडिकलची बिलं आणि फिजिओथेरपीच्या पावत्या, एकूण ६,३४०. सप्टेंबरनंतर उजवा रकाना कोराच होता. रक्त पातळ करायची गोळीसुद्धा बंद झालेली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला. कलम १७ वकिलाला मज्जाव करतं. काही उच्च न्यायालयांनी वेगळं मत दिलं आहे, पण आमच्या अधिकाऱ्यांनी मला बाहेरच थांबवलं. दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. आक्कांचा जबाब सकाळी साडेदहाला घ्यावा असा अर्ज आम्ही डॉक्टरांच्या दाखल्यासह दिला होता आणि तो मान्य झाला. एवढ्याशा गोष्टीचं मोल मोठं होतं. साहेबांनी विचारलं, जमीन पोराला दिली का? आक्का बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, माझ्यामागं त्याचीच हाय की. मी मेल्यावर घे म्हणलं असतं तर दिली असती. जित्तेपणी अंगठा कशाला घेतला लेकरानं?" दादा खाली बघत होता.

त्याचा लेखी खुलासा ठरलेला होता: बहिणीनं हक्कसोड करून दिली, आता जमिनीवर डोळा आहे. गावातही हेच बोललं जात होतं आणि ताईला ते फार लागायचं. सुनावणीला येताना लातूरहून एसटीत बसली की तिला रडू यायचं, असं ती सांगायची. आम्ही शपथपत्र दिलं: जमीन ताईच्या नावावर मागत नाही, आक्कांच्या नावावर परत मागतो. बटईचा पैसा थेट आक्कांच्या खात्यात जाईल आणि खात्याचा उतारा दादाला दर महिन्याला दिला जाईल. त्या शेवटच्या ओळीनं वातावरण सैल झालं.

या कायद्याखालच्या निर्वाहाच्या अर्जाला ९० दिवसांची मुदत आहे. आम्हाला अकरा महिने लागले. मधे निवडणुकांचं काम, अधिकाऱ्यांची बदली. निकाल राखून ठेवलेला असतानाच २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून ताबा परत द्यायला सांगितला, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं म्हटलं. ती प्रत आम्ही लगेच दाखल केली. महिनाअखेरीस आदेश झाला: बक्षीसपत्र रद्द, नोंद दुय्यम निबंधकांकडे आणि तलाठ्याकडे. दोन्ही मुलांनी आईला दरमहा निर्वाहखर्च द्यावा. गेलेल्या पैशांसाठी फौजदारी करायची का, असं मी विचारलं होतं. आक्का नको म्हणाल्या आणि ताईनंही तो विषय सोडला. वकील म्हणून माझं मत वेगळं होतं, पण पैसे आक्कांचे होते.

मार्चमध्ये दुसरा झटका आला. या वेळी वाचा गेली, ओळखही गेली. नाकातून नळी, अंगाखाली पाण्याची गादी, रोज येणारी परिचारिका. खात्यात चार लाखांची ठेव होती आणि तिला हात लावता येईना. बँक म्हणाली, खातेदाराचा अंगठा किंवा न्यायालयाचा आदेश. अंगठा अजूनही उमटला असता, पण आता तो घेणं म्हणजे दादानं केलं तेच करणं होतं. ताईनं एकदाही ते सुचवलं नाही, हे नोंदवते. विशेष मुखत्यारपत्र कलम २०१ नं संपलेलं होतं.

अशा माणसाचा पालक नेमायचा कोणी? १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत होता. तो कायदा गेला आणि २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाला. त्यात उपचारांसाठी प्रतिनिधी आहे, मालमत्तेसाठी कोणी नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, पण बेशुद्धावस्थेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या ठेवीसाठी बँका ते सहज मानत नाहीत. एवढी मोठी भेग कायद्यात आहे आणि तिच्यात रोज कुणाची तरी आई अडकते, याचा मला राग येतो. उरतो एकच दरवाजा, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा अर्जांसाठी निकष घालून दिले: वैद्यकीय मंडळाचा अहवाल, महसूल अधिकाऱ्याची चौकशी, वारसांची संमती, सहा महिन्यांनी हिशेब. आम्ही त्याच चौकटीत औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. आक्कांच्या वतीनं विधी सेवा प्राधिकरणाकडेही गेलो होतो. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

वारसांची संमती म्हणजे दादाची सही. मी स्वतः त्याच्या घरी गेले. मसुद्यात लिहिलं होतं की पालक ताई असेल, जमीन कोणालाही विकता येणार नाही, ठेवीतून फक्त उपचाराचा खर्च होईल आणि हिशेबाची एक प्रत दादाला मिळेल. त्यानं दोनदा वाचलं. विचारलं, "म्हणजे तिला पण विकता यायची नाही?" नाही, म्हटलं. त्यानं सही केली. मग आत जाऊन एक पिशवी आणली. त्यात आक्कांचं जुनं, बंद केलेलं एटीएम कार्ड आणि मुदतठेवीची मूळ पावती होती.

जूनमध्ये आदेश झाला. डिसेंबरात पहिला सहामाही हिशेब दाखल करायचा होता, म्हणून ताई वही घेऊन आली. नळी बदलण्याचा खर्च, डायपर, गादी, परिचारिकेचा पगार, प्रत्येकाला पावती चिकटवलेली. एका ओळीला पावती नव्हती. 'दादाच्या पोरीला वह्या-दप्तर, ९०० रुपये. आई दरवर्षी द्यायची.' मी म्हणाले, ताई, पालकाला दान करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागेल, ही ओळ चालणार नाही. तिनं ती पट्टीनं नीट खोडली. मग पर्समधून नऊशे रुपये काढून आक्कांच्या पाकिटात ठेवले, आणि खाते उताऱ्यात जमा कसे दाखवायचे ते विचारलं.